तीन पायांचा पुलर

गाडीच्या पुढच्या चाकातून आवाज येऊ लागला तेव्हा पहिले पंधरा दिवस मी तो रस्त्याचा आहे असं धरून चाललो होतो. पुण्यात असा समज बराच काळ टिकू शकतो. मग आमच्या घराजवळ नवा सिमेंटचा रस्ता झाला, त्यावरूनही तोच आवाज आला आणि माझा नाइलाज झाला. जात्यातलं दळण संपल्यावरही कुणीतरी नुसताच दगडावर दगड फिरवत बसावं, तसा आवाज.

गाडी वडिलांची. २००३ सालची, शंभर सीसीची. मला देताना त्यांनी सांगितलं होतं, "हिला कुणाच्या हातात देऊ नकोस." ते बहुधा चालवण्याबद्दल बोलत होते. मी त्याचा अर्थ दुरुस्तीपर्यंत ताणला.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने चाक वर-खाली धरून हलवलं, आणि डॉक्टर जीभ बघून म्हणतात तसं "हं" म्हणाला. "बेरिंग गेलंय, सायेब. दोन्ही टाकू. अडीचशेचे बेरिंग, दीडशे मजुरी. संध्याकाळी घेऊन जावा."

चारशे रुपये आणि एक संध्याकाळ. शहाण्या माणसाच्या बाबतीत हा लेख इथेच संपला असता. पण मला नेमकी त्याच क्षणी वाड्यातली बेअरिंगची गाडी आठवली. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, पट्ट्यांच्या टोकांना ठोकून बसवलेली जुनी बेअरिंगं आणि वळवायला सुतळी. ती बेअरिंगं मिळवायला गॅरेजच्या दारात शाळा बुडवून उभं राहावं लागे. गाडी फरशीवरून निघाली की तिच्या आवाजाने अख्खा वाडा शिव्या द्यायला बाहेर येई. त्या गाडीची चारही बेअरिंगं मी स्वतः दगडाने ठोकून बसवली होती. दगडाने जमलं ते हत्याराने का जमू नये, असा माझा मुद्दा होता. घरात तो मुद्दा आहे असं कुणालाच वाटलं नाही.

आधी खात्री करायची ठरवली. गाडी मधल्या स्टँडवर घेतली की मागचं चाक उचललं जातं, पुढचं नाही. पुढचं उचलायचं तर मागे कुणीतरी वजन टाकून बसायला हवं. मी बायकोला बसवलं. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर आपला नवरा आपल्याला जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीवर बसवतो, यावर तिने फार काही बोलू नये अशी माझी अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. मग मी चाक फिरवलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक एक्सलला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. हा जुना मेकॅनिकी स्टेथोस्कोप. चांगलं बेअरिंग असेल तर त्यातून नुसती बारीक सळसळ ऐकू येते. मला रेतीचा ट्रक रिकामा होताना ऐकू आला. नऊ वर्षांच्या मुलीने ऐकायला मागितलं, ऐकलं आणि तेव्हापासून ती फ्रिज, मिक्सर, गिरणी आणि झोपलेली आजी या सर्वांना स्क्रू ड्रायव्हर लावत सुटली.

आमच्या तळमजल्यावरचे काका बत्तीस वर्षं चिंचवडच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात होते. त्यांना बातमी लागली. तसं त्यांनी आयुष्यात एकही बेअरिंग गाडीत बसवलेलं नव्हतं. "आम्ही बनवायचो रे. बसवायचे दुसरे." पण बेअरिंग म्हणजे त्यांच्या माहेरचा विषय. त्यांनी मला खुर्चीत बसवून पॅरिसपासून सुरुवात केली. १८६९ च्या नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ अशी सायकलींची लांब पल्ल्याची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या जेम्स मूरच्या सायकलला सुरिरे नावाच्या पॅरिसच्या कारागिराने छर्ऱ्यांची बेअरिंगं बसवली होती. "नाव कुणाचं झालं?" काका म्हणाले. "मूरचं. बत्तीस वर्षं आम्ही लाखो बेअरिंगं काढली. एकाचाही कधी फोन आला नाही, की काका, छान फिरतंय म्हणून. वाजलं की मात्र सगळ्यांना आठवण."

मग नंबर. माझ्या चाकाच्या बेअरिंगवर ६३०१ असं बारीक कोरलेलं होतं. यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे आतल्या भोकाचं माप. ०४ पासून पुढे पाचने गुणायचं. ०४ म्हणजे २० मिलिमीटर, ०५ म्हणजे २५. पण ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. थोडक्यात, नियम आहे आणि पहिल्या चार जणांना तो लागू नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचंही असंच असल्याने मला लगेच समजलं. तेव्हा ६३०१ म्हणजे आतून १२, बाहेरून ३७ आणि जाडीला १२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना रबरी सील हवं असेल तर पुढे टू आरएस म्हणायचं, पत्र्याची झाकणं हवी असतील तर झेडझेड. चिखलापाण्यातल्या चाकाला रबरी. एवढं पाठ करून मी नाना पेठेतून दोन नवी बेअरिंगं घेतली, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे क्षणभर आदराने पाहिलं. अख्ख्या प्रकरणात तेवढंच.

बेअरिंग घेणं सोपं. बेअरिंग काढणारं हत्यार घेणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं आहे. घरातून निघताना आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असतं आणि परत येतो ते भलत्यालाच होकार देऊन.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गाडी लावायला जागा मिळाली हाच शुभशकुन मानून मी एका दुकानात शिरलो. "बेअरिंग काढायचा पुलर द्या."

"दोन पायांचा की तीन?" शेठनी विचारलं.

मी या प्रश्नाला तयार नव्हतो. पण तिवई कधी डुगडुगत नाही हे मला ठाऊक होतं. "तीन."

"चार इंची की सहा?"

माझं बेअरिंग दीड इंचाचंही नव्हतं. पण उद्या काही मोठं काढायची वेळ आली तर? आपल्याकडे मुलांचे बूट आणि घरातली हत्यारं नेहमी एक माप मोठी घेतात. "सहा," मी म्हणालो. साडेसहाशे रुपये. काळाकुळकुळीत, वजनदार, मधे जाड आट्यांचा दांडा आणि भोवती आत वळलेल्या नखांचे तीन पाय. पिशवीत घालून घरी आणेपर्यंत त्याने पिशवीला तीन भोकं पाडली. मला ते त्याच्या कर्तबगारीचं लक्षण वाटलं.

घरी चाक काढलं, पुलर लावायला गेलो आणि मला जे कळलं ते शेठना पहिल्या मिनिटालाच ठाऊक असणार. हा पुलर बाहेरून धरतो. दांड्यावर बसलेली पुली असेल, गिअर असेल, त्यांच्या मागे नखं अडकवायची आणि मधला स्क्रू पिळायचा, की ती सरकत बाहेर येतात. चाकाचं बेअरिंग दांड्यावर बसलेलं नसतं, ते हबच्या भोकात बसलेलं असतं, कडेशी अगदी सपाट. विहिरीत पडलेल्या माणसाला काठावर बसून दोन्ही खांदे धरून कसं काढणार? तीन हातांनीसुद्धा नाही. माझा पुलर त्या हबवर एखाद्या खेकड्यासारखा पाय पसरून बसला आणि बसूनच राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोहरी आळी. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी काल मी पाहिलीच नव्हती. शेठ अजिबात रागावले नाहीत. "मग तुम्हाला आतून धरणारा पाहिजे," ते म्हणाले, आणि त्यांनी वरच्या फळीवरून एक निळी पेटी काढली.

मला एक कबुली द्यायची आहे. जगातले निम्मे पुरुष हत्यारं घेत नाहीत, पेट्या घेतात. त्या निळ्या पेटीत प्रत्येक तुकड्याला त्याच्या आकाराची खाच होती. आतून फुगणाऱ्या आठ नळ्या, लहान ते मोठ्या, गणपतीच्या आरतीला उभ्या असलेल्या मुलांसारख्या. शेजारी एक लांब दांडा आणि दांड्यावर सरकणारा लोखंडी ठोकळा. नळी बेअरिंगच्या भोकात घालायची, आतला स्क्रू फिरवून ती फुगवायची, म्हणजे ती आतून घट्ट धरते. मग तो ठोकळा दांड्यावरून आपल्याकडे जोरात सरकवायचा, खट्. प्रत्येक खट्‌ला बेअरिंग केसभर बाहेर. त्या पेटीपुढे उभा असताना मी मला दिसू लागलो. रविवारची सकाळ, अंगात निळा डांगरी, आजूबाजूला शेजारी आणि मी न बोलता हात पुढे करतोय, आणि कुणीतरी माझ्या हातात अचूक नळी ठेवतंय.

"अठ्ठेचाळीसशे," शेठ म्हणाले. डांगरी नाहीसा झाला.

"किंवा प्रेस घ्या," शेठ दयेने म्हणाले. कमरेएवढी हायड्रॉलिक प्रेस, दहा टनी. मी त्याच संध्याकाळी गॅलरीत, वॉशिंग मशीन आणि तुळशीच्या मधली जागा टेपने मोजली. जागा होती. बायकोने शांतपणे विचारलं, "त्यात पापड होतील का?" दहा टनात होतील, पण ते परत सोडवायला निळी पेटी लागेल, हे मला बोलवलं नाही.

मधल्या काळात मी काही लहानसहान खरेदी केली. ती पटकन सांगून टाकतो, कारण तिचा तपशील हिच्या वहीत आहेच. लॉकच्या रिंगा काढायचे चार प्रकारचे प्लायर घेतले. माझ्या पुढच्या चाकात लॉकची रिंगच नव्हती. हिट गन घेतली. टॉर्क रेंच घ्यायच्या बेतात होतो. ठरल्याइतकं आवळलं की तो 'कट्' असा आवाज करून आपल्याला थांबायला सांगतो. असा सल्ला देणारं माणूस घरात असतंच म्हणून तो तेवढा राहिला. एक खरेदी मात्र मला आजही पटते, ती म्हणजे गोटी पान्यांचा सेट. गोटी नुसती नट उघडत नाही. जिचा घेर बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर बरोबर टेकतो अशी गोटी सापडली की ती नवीन बेअरिंग ठोकून बसवायचं उत्तम साधन होते. माझ्या सेटमधली सगळ्यात मोठी गोटीही थोडी लहानच निघाली. मग बुधवारी जुन्या बाजारात गेलो. बुधवार आणि रविवार, दोन दिवस हा बाजार भरतो. तिथे एका ताडपत्रीवर, बंद पडलेल्या घड्याळांच्या आणि एकेकट्या बुटांच्या शेजारी मला हव्या त्या घेराची सुटी गोटी मिळाली. तीस रुपये. तिच्यावर कुणीतरी कानशीने 'द' असं अक्षर घासून काढलं होतं. या 'द' ने आयुष्यभर काय काय उघडलं असेल कोण जाणे. मी अजूनही तिला द म्हणतो.

पण जुनं बेअरिंग काढायचं कसं, हा प्रश्न तसाच होता. खरं तर वाट सरळ असते. दोन बेअरिंगांच्या मधे एक नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. ती पोगराने किंवा लांब सळईने जरा बाजूला सरकवली की पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कडीची कड दिसते. त्या कडेवर सळई टेकवून चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकत गेलं की बेअरिंग बाहेर. माझा स्पेसर वीस वर्षांच्या ग्रीसने जागेवर असा बसला होता, की भाडेकरूने बसावं. हलेचना. पहिल्या मजल्यावरच्या एका तरुणाने मोबाइलवर पाहून सांगितलं, की भोकात ओला पाव कोंबायचा आणि त्यावर घट्ट बसणारी सळई ठोकायची. पाव दाबला गेला की तोच बेअरिंगला मागून ढकलतो. हा उपाय खोटा नाही. पण तो तळ बंद असलेल्या भोकात चालतो. आमचा हब बांगडीसारखा आरपार. पाव या बाजूने घालून त्या बाजूने काढायचा असेल तर त्यासाठी मिसळ असते.

तिसऱ्यांदा बोहरी आळीत गेलो तेव्हा शेठनी चहा मागवला. मी हबचा फोटो दाखवला. शेठ निळ्या पेटीकडे बघत होते. तेवढ्यात मागे माल लावणारा त्यांचा पोरगा वाकून फोटो पाहता पाहता म्हणाला, "याला तर रॉलबोल्ट बास झाला." शेठनी त्याच्याकडे असं पाहिलं, की आपल्याच घरातलं पोरगं दुसऱ्या पक्षात गेलंय.

रॉलबोल्ट म्हणजे गीझर किंवा एसी भिंतीला टांगताना भोकात घालतात तो. नट आवळला की त्याची बाहेरची नळी फुगते आणि भिंतीत रुतून बसते. तोच, १२ मिलिमीटरच्या भोकात जेमतेम शिरेल असा, बेअरिंगच्या आतल्या कडीत घालायचा आणि नट आवळायचा. तो फुगून आतून धरतो. मग पलीकडून सळई घालून बोल्टच्या बुडावर ठोकायचं. निळ्या पेटीचं तत्त्व तेच, फक्त पेटी नाही. किंमत बावीस रुपये. पोराने तो माझ्या हातावर ठेवला. मी शेठच्या नजरेला नजर न देता पैसे दिले आणि त्यांच्या चहाला नाही म्हणता येईना म्हणून तोही प्यालो.

शनिवारी रात्री काकांनी वर्तमानपत्राच्या समासात गणित मांडलं. हब ॲल्युमिनियमचा, बेअरिंग पोलादाचं. तापलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ३७ मिलिमीटरचं भोक ३० अंशांवरून उकळत्या पाण्याच्या १०० वर नेलं, तर ते सुमारे सहा शतांश मिलिमीटरने मोठं होतं. नवीन बेअरिंग फ्रीजरमध्ये उणे १८ ला ठेवलं तर ते दोनेक शतांशाने आकसतं. "एवढा फरक पुष्कळ झाला," काका म्हणाले. "बेअरिंग हाताने ढकललं तरी बसेल. लक्षात येतंय का?"

आई शेंगा सोलत ऐकत होती. "म्हणजे पेल्यात पेला अडकतो तसंच ना? आतल्यात गार पाणी घालायचं, बाहेरच्यावर गरम."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. बत्तीस वर्षांत हे त्यांना कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. "हो," ते म्हणाले. "तसंच." आणि त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

हिट गन मी खोक्यातच ठेवली. नवीन बेअरिंगं पिशवीत बांधून, पिशवी डब्यात घालून डबा फ्रीजरमध्ये मटारशेजारी ठेवला. त्या रात्री आलेल्या मेव्हण्याने आइस्क्रीम समजून तो डबा उघडला. त्याला काही बोललो नाही. या घरात काय चालतं याबद्दल त्याचं मत आधीपासून तयार आहे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चाक दोन विटांवर आडवं ठेवलं. डांगरी नव्हता, दिवाळीतला जुना झब्बा होता. काकांनी खुर्ची आणली. आई दोन फडक्यांनी पातेलं धरून जिना उतरली आणि उकळतं पाणी तिने हबवर असं संथ धारेने ओतलं, की पाक सोडतोय असं वाटावं. मी रॉलबोल्ट आवळला, चाक उलटं केलं, सळई घातली आणि ठोकलं. टण्. टण्. काहीच नाही. "गरम आहे तोवर मार," आई म्हणाली. लोहाराच्या घरी काही बोलण्याची पद्धत असते, ती तिला कुठून आली कोण जाणे. पाचव्या घावाला आवाज बदलला. टण्‌चा ठप्प झाला आणि बेअरिंग रॉलबोल्टसकट विटेवर पडलं. स्पेसर आपणहून सुटला. दुसरं बेअरिंग आतून दोन घावांत निघालं.

मुलीने दोन्ही उचलली आणि बोटावर फिरवली. फिरली नाहीत, कुरकुरली. सील उचकटून पाहिलं तर आतलं ग्रीस चहाच्या गाळासारखं झालेलं, छर्ऱ्यांवर गंज. काका माझ्याकडे बघू लागले. दर रविवारी पाइपचं तोंड बोटाने दाबून मी याच हबवर जोरदार धार मारत होतो, हे त्यांनी गेली काही वर्षं खुर्चीत बसून पाहिलेलं होतं. सील पावसासाठी असतं, धारेसाठी नसतं. मी गाडी धुतच होतो असं नाही, मी ती आतून गंजवतही होतो.

मग नवीन बेअरिंग. गरम हबमध्ये गार बेअरिंग ठेवलं, वर 'द' ठेवला, दोन हलके घाव. इथे काकांचा आवाज चढला. "बाहेरच्या कडीवर! आतल्या कडीला हात लावायचा नाही!" बाहेरची कडी हबमध्ये घट्ट बसते. ठोकायचं आतल्या कडीवर, तर तो मार छर्ऱ्यांतून बाहेरच्या कडीला जातो आणि छर्ऱ्यांचे ठसे पोलादात उमटतात. ब्रिनेल नावाच्या एका स्वीडिश इंजिनिअरने १९०० साली धातूचा कठीणपणा मोजायला नेमकी हीच पद्धत काढली. कठीण गोळी दाबायची आणि पडलेला खड्डा मोजायचा. "त्याने प्रयोगशाळेत केलं ते तू चाकात करू नकोस," काका म्हणाले. मी केलं नाही. पहिलं बेअरिंग तळाला टेकल्यावर हातोडीचा आवाज भरीव झाला. चाक उलटं केलं. दुसरंही गेलं, सुरीसारखं. पार्किंगमधल्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मी आईच्या पाया पडण्याच्या बेतात होतो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ही नळी कशाची?"

वर्तमानपत्रावर, काल रात्रीच्या गणिताशेजारी स्पेसर पडलेला होता. स्वच्छ पुसलेला. मीच पुसला होता.

टाळ्या थांबल्या. कुणीतरी हळूच विचारलं की त्याच्याशिवाय चालत नाही का. काका उठून उभे राहिले. नाही चालत. एक्सलचा नट आवळला की तो दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या एकमेकींकडे दाबतो. मधे स्पेसर असेल तर तो दाब स्पेसर झेलतो. नसेल तर कड्या आत ओढल्या जातात, छर्रे तिरके चिणले जातात आणि नवीन बेअरिंग बघता बघता जुनं होतं. म्हणजे एक बेअरिंग परत काढायचं. परत काढायचं म्हणजे रॉलबोल्ट आतल्या कडीला धरणार, ठोका छर्ऱ्यांतून जाणार, ठसे उमटणार. आणि ठोकून काढलेलं बेअरिंग पुन्हा घालायचं नसतं. माझ्या पंधरा मिनिटांच्या नव्याकोऱ्या बेअरिंगचा असा माझ्याच हातून शेवट झाला. आईने न बोलता पुन्हा पाणी ठेवलं.

सोमवारी रिक्षाने ऑफिसला गेलो, येताना नाना पेठेतून आणखी एक ६३०१ आणलं, ते रात्रभर मटारशेजारी राहिलं आणि मंगळवारी पहाटे, कुणीही बघत नसताना, आधी स्पेसर आणि मग बेअरिंग या क्रमाने मी काम पुरं केलं. एवढ्या पहाटेसुद्धा काकांच्या खिडकीतला दिवा लागला होता.

हिशेब बायकोने केला. पुलर, गोट्यांचा सेट, प्लायर, हिट गन, द, रॉलबोल्ट, तीन बेअरिंगं आणि रिक्षा मिळून ४,३८७ रुपये. वाचलेली मजुरी १५० रुपये, ती तिने प्रामाणिकपणे वजा केली. वहीत मुलीच्या शाळेच्या फीखाली हा खर्च तिने 'शिक्षण' या सदरात लिहिलाय.

आवाज गेला. इतका गेला की आता साखळीचा ऐकू येऊ लागलाय. पंपावर हवा भरताना गॅरेजवाला भेटला. त्याने सवयीने चाक हलवून पाहिलं. "बेरिंग टाकलंत? कुठं?"

"घरी."

"काढलं कशानं?"

"रॉलबोल्टने." मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो.

त्याने मला गॅरेजमध्ये नेलं आणि खण उघडला. आत एक रॉलबोल्ट होता, वापरून वापरून चांदीसारखा झालेला. भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, सहा इंची, तीन पायांचा पुलर खिळ्याला उलटा टांगलेला होता. त्याच्या एका पायाला जेवणाचा डबा होता, दुसऱ्याला पाण्याची बाटली आणि तिसऱ्याला शर्ट.

"मीबी घेतला व्हता," तो म्हणाला. "नवीन व्हतो तवा."

त्याच संध्याकाळी मी माझा पुलर दारामागे टांगला. छत्री, पिशवी आणि हेल्मेट, तिन्ही मस्त बसतात. आणि एक फळी आणली. मुलीला बेअरिंगची गाडी म्हणजे काय ते चित्र काढून दाखवलं, दोन जुनी आणि एक मी बिघडवलेलं अशी तीन बेअरिंगं पुढ्यात मांडली, आणि सांगितलं की पुढे एक, मागे दोन, अशीही छान होते.

तिने मोजली. "तीन चाकांची रिक्षा असते, बाबा. गाडीला चार लागतात."

मी म्हटलं, चौथं सध्या नाहीये. ती काही बोलली नाही. जेवणाच्या वेळी ती घरात नव्हती. खाली डोकावलं तर पार्किंगमध्ये आजी गाडीच्या मागच्या बाजूला हात लावून चाक फिरवत होती, आणि मुलगी उकिडवी बसून, डोळे मिटून, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकत होती.

"बाबा," तिने वर बघून हाक मारली, "मागचं पण जरासं वाजतंय!"